इंजिन उतरवताना मागे सरायला जागा आहे ना?

"हाड तर मोडलं नाही ना, डॉक्टरसाहेब?" अपघात होऊन दवाखान्यात आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. हाड शाबूत आहे असे कळले की रुग्ण निश्चिंत होतो, सोबतचे नातेवाईक निश्चिंत होतात आणि कबूल करायला हरकत नाही, कधी कधी डॉक्टरही निश्चिंत होतो. मी एकदा असाच निश्चिंत झालो होतो. आजचा लेख त्याबद्दल आहे.

आपल्या परळीत जुन्या गाड्या जपणारी मंडळी पुष्कळ आहेत. कोणाकडे वडिलांची अ‍ॅम्बॅसेडर असते, कोणाकडे शेतावर राबलेली जीप. आमच्या ओळखीच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांकडे त्यांच्या थोरल्या भावाची प्रीमियर पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या बनणे बंद झाले त्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. पण भावाची आठवण म्हणून त्यांनी ती विकली नव्हती. गाडी धूर टाकू लागली, ऑइल पिऊ लागली. मेकॅनिकने सांगितले, इंजिन उतरवावे लागेल, ब्लॉक बोअरिंगला पाठवावा लागेल. मजुरीचा आकडा ऐकून काका घरी आले. पुतण्या चोवीस वर्षांचा, आयटीआय झालेला, हातात कसब असलेला. तो म्हणाला, "काका, आपणच उतरवू की. चेनपुली आणली की झालं."

गाडी उभी होती घराला लागून असलेल्या पत्र्याच्या गाळ्यात. गाळा आठ फूट रुंद आणि सोळा फूट लांब. पद्मिनी सुमारे तेरा फूट लांब आणि पाच फुटांपेक्षा थोडी कमी रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट, मागे शटरला लागून अर्धा फूट, आणि पुढे बंपर व भिंत यांच्यामध्ये जेमतेम अडीच फूट. याच अडीच फुटांत इंजिन पुढे ओढून खाली उतरवायचे, असा दोघांचा बेत होता.

त्या दिवशी काय झाले

उन्हाळ्याचे दिवस होते. बॉनेट काढले, रेडिएटर काढला, नट-बोल्ट मोकळे केले. छपराच्या लोखंडी अँगलला चेनपुली टांगली. इंजिन उचलले गेले, गिअरबॉक्सपासून सुटले आणि गाडीच्या नाकावरून पुढेही आले. खाली जुना टायर ठेवलेला होता. त्यावर ते टेकवायचे एवढेच काम उरले होते. काका बाजूच्या फटीत उभे राहून साखळी ओढत होते आणि पुतण्या भिंतीकडे पाठ करून, दोन्ही हातांनी इंजिनाला दिशा देत होता.

तो अँगल पत्र्याचे ओझे पेलण्यासाठी बसवलेला होता, क्विंटलाच्या घरातले इंजिन पेलण्यासाठी नव्हे. तो वाकला. इंजिन एकदम फूटभर खाली आले, तिरके झाले आणि पोराची उजवी पोटरी इंजिन व भिंत यांच्यामध्ये सापडली. मागे सरायला त्याच्या मागे भिंतच होती.

पुढचा भाग अधिक लक्षात ठेवण्यासारखा आहे. आरडाओरडा ऐकून शेजारची चार धट्टीकट्टी माणसे धावत आली. पण इंजिनापर्यंत पोचायला कोणालाच वाट नव्हती. बाजूच्या फटीत काका होते आणि दुसऱ्या फटीत अवजारांची पेटी. शेवटी शटर वर करून गाडीच मागे रस्त्यावर ढकलली, तेव्हा कुठे माणसे आत शिरली आणि इंजिन उचलले गेले. या साऱ्यात दहा-बारा मिनिटे गेली. मोकळ्या अंगणात हेच घडले असते तर अर्ध्या मिनिटाचे काम होते. किंबहुना मोकळ्या अंगणात पोरगा एक पाऊल मागे सरला असता आणि इंजिन नुसते जमिनीवर आपटले असते.

माझी चूक

काका पुतण्याला घेऊन माझ्याकडे आले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. पोरगा लंगडत, पण स्वतःच्या पायाने चालत आत आला. पोटरीवर खरचटले होते, थोडी सूज होती, कातडी फाटलेली नव्हती. मी हाड चाचपून पाहिले, पाऊल हलवून पाहिले, पायाच्या वरची नाडी पाहिली. सारे ठीक वाटले. वेदनाशामक गोळ्या दिल्या, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, क्रेप बँडेज चांगले घट्ट बांधले आणि "मुका मार आहे, दोन दिवसांत उतरेल," असे सांगून घरी पाठवले. पाय किती वेळ अडकला होता, हे मी विचारलेच नाही.

रात्री नऊच्या सुमारास काकांचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, पोरगं काही शांत होईना. दोन गोळ्या दिल्या तरी लई दुखायलंय म्हणतंय. बोटं बधिर झाल्यागत वाटायलेत त्याला."

हे वाक्य ऐकले आणि मी पायात चपला अडकवून निघालो. घरी जाऊन प्रथम बँडेज कापून काढले. पोटरी लाकडासारखी कडक झाली होती. पायाची बोटे मी हलकेच वर-खाली केली तर पोराने किंकाळी फोडली. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामधल्या जागेत त्याला स्पर्श नीट कळत नव्हता. आणि पायाची नाडी? ती मात्र अजूनही लागत होती. दुपारी याच नाडीने मला फसवले होते.

मी काकांना एवढेच म्हणालो, "गाडी काढा, आत्ताच्या आत्ता अंबाजोगाईला न्यायचं." अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ साली सुरू झाले. तेव्हापासून आपल्या भागातल्या किती हातापायांना आणि जिवांना त्याने आधार दिला असेल, त्याची मोजदाद नाही. पंचवीस किलोमीटरचा तो रस्ता त्या रात्री मला फार लांब वाटला. तिथल्या डॉक्टरांनी वेळ न दवडता शस्त्रक्रिया केली. पाय वाचला. पोटरीवर मोठा व्रण राहिला आणि पाऊल वर उचलण्याची ताकद किंचित कमी झाली. पण पोरगा आज चालतो, मोटारसायकल चालवतो. आणखी काही तास उशीर झाला असता तर काय झाले असते, याचा विचार मी आजही करतो.

मुका मार इतका घातक कसा?

आपल्या पोटरीतले आणि पुढच्या हातातले स्नायू चिवट पडद्यांच्या कप्प्यांत बंद असतात. हे पडदे फारसे ताणले जात नाहीत. स्नायू चेंगरला की आत सूज येते, रक्त साकळते. कातडी सैल असते, म्हणून बाहेरून सूज बेताचीच दिसते. पण कप्प्याच्या आतला दाब वाढत जातो. काठोकाठ भरलेल्या पोत्यात आणखी धान्य कोंबावे तसे होते. दाब वाढला की आधी बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि स्नायू व नसा उपाशी मरू लागतात. मोठ्या रोहिणीतून रक्त तरीही वाहत असते, त्यामुळे नाडी लागते आणि सर्वांची समजूत होते की रक्तपुरवठा चालू आहे.

या विकाराला वैद्यकशास्त्रात 'कंपार्टमेंट सिंड्रोम' म्हणतात. सुमारे सहा तासांत स्नायूंचे कायमचे नुकसान होऊ शकते. उपाय एकच, तो पडदा लांब चिरून कप्पा मोकळा करणे. गोळी, मलम, शेक, मालिश यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. मालिश तर अपायच करते.

ओळखायचे कसे, ते वाचकांनी कापून ठेवावे असे मला वाटते :

१. दुखापतीच्या मानाने वेदना फार जास्त, आणि वेदनाशामक घेऊनही वाढतच जाणारी.
२. हाताची किंवा पायाची बोटे दुसऱ्याने हलवली की असह्य कळ.
३. स्नायू हाताला लाकडासारखा कडक लागणे.
४. मुंग्या येणे, बधिरपणा.

यांतले काहीही आढळले तर पट्टी, प्लास्टर, घट्ट कपडे, पैंजण, अंगठी सारे सैल करा. पाय उशांवर उंच ठेवू नका, काळजाच्या पातळीवर ठेवा. उंच ठेवला तर मुळातच कमी झालेले रक्त आणखी कमी पोचते. सकाळची वाट न पाहता रात्रीच शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठा.

अधिक वेळ अडकल्यास

माणूस पाऊण तास, तासभर किंवा त्याहून अधिक वेळ ओझ्याखाली दबला तर आणखी एक धोका असतो. मेलेल्या स्नायूंतील द्रव्ये, ओझे काढताच, एकदम रक्तात येतात. त्यांतले पोटॅशियम हृदय बंद पाडू शकते आणि स्नायूंचे रंगद्रव्य मूत्रपिंडात अडकून लघवी बंद करू शकते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ढिगाऱ्याखालून सुखरूप काढलेली माणसे काही दिवसांनी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत. बायवॉटर्स आणि बील या दोघा डॉक्टरांनी १९४१ साली हे प्रथम नीट नोंदवून जगापुढे मांडले.

आपल्याला लंडनपर्यंत जायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. मी तेव्हा वैद्यकीय शिक्षण घेत होतो. पाठ्यपुस्तकातले जे पान आम्ही परीक्षेपुरते वाचले होते, ते त्यानंतर पुन्हा उघडून वाचले. त्याच पानाची आठवण मला त्या दुपारी चार वाजता यायला हवी होती, ती नऊ वाजता आली.

म्हणून ओझ्याखाली अडकलेल्या माणसाला लवकरात लवकर सोडवा आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर फोन करावा. अडकल्याची आणि सुटल्याची वेळ कागदावर लिहून डॉक्टरला सांगा. रुग्ण हसत-बोलत असला तरी रुग्णालयात न्याच. नंतरच्या दोन-तीन दिवसांत लघवी कमी झाली किंवा काळ्या चहासारखी झाली तर एक तासही दवडू नका.

बंद शटरमागचा विषारी वायू

अरुंद गाळ्यातला दुसरा शत्रू दिसत नाही आणि त्याला वासही नाही. इंजिन उतरवण्याआधी "एकदा आवाज ऐकू" म्हणून ते चालू केले जाते. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून शटर खाली ओढलेले असते. गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो आणि जुन्या कार्ब्युरेटरच्या, नीट न जळणाऱ्या इंजिनात तो भरपूर असतो. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा या वायूची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. तो एकदा चिकटला की प्राणवायूला जागाच राहत नाही.

सुरुवातीला डोके दुखते, मळमळते, गरगरते, पाय जड होतात. माणसाला वाटते उकाड्याने झाले, पित्त झाले, म्हणून तो तिथेच जरा टेकतो. जो टेकला तो मग उठत नाही. त्याला ओढायला आत गेलेला दुसराही तिथेच पडतो. हा वायू हवेहून जड नसतो, त्यामुळे खाली वाकून किंवा जमिनीवर झोपून सुटका होत नाही. एखादी खिडकी उघडी असणे पुरेसे नाही.

आपले परळी हे कोळशाच्या विजेवर वाढलेले गाव. औष्णिक वीज केंद्र १९७१ साली सुरू झाले तेव्हापासून कोळसा आपल्याला घरचाच. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८० च्या दशकापर्यंत कॅनरी नावाचे छोटे पक्षी पिंजऱ्यात घालून नेत. हा वायू असला की पक्षी माणसाआधी कोसळे आणि मजूर बाहेर पळत. आपल्या गाळ्यात असा पक्षी नसतो, म्हणून दोन माणसांचे एकदम डोके दुखू लागले की तीच सूचना समजावी.

करोनाच्या साथीपासून घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. या विषबाधेत त्यावर विसंबू नका. ते यंत्र प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांत फरक करू शकत नाही. माणूस मरणाच्या दारात असताना ते ९८ दाखवू शकते. शटर उघडा, आत जाणाऱ्याने आधी बाहेर दीर्घ श्वास घेऊन झटपट रुग्णाला ओढून काढावे, इंजिन बंद करावे आणि प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा कमी व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर तासा-दीड तासात होतो. हाच नियम वीज गेल्यावर लावलेल्या जनरेटरलाही आहे. तो घरात, जिन्याखाली किंवा बोळात लावू नये.

लहानसहान वाटणाऱ्या गोष्टी

*तोंडाने पेट्रोल ओढणे :* टाकी रिकामी करायला नळी तोंडात धरून ओढण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. घोट पोटात गेला तर त्याने होते त्यापेक्षा कितीतरी अधिक नुकसान त्याचे चार थेंब फुप्फुसात गेल्याने होते. ठसका लागला, नंतर खोकला, धाप, ताप सुरू झाला तर तो रासायनिक न्यूमोनिया समजावा. अशा माणसाला मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून ओकारी करवू नका. ओकारीत तेच पेट्रोल पुन्हा फुप्फुसात जाते. यासाठी हातपंप मिळतो, तो वापरा. आणि पेट्रोल काढताना गाळ्यात विडी, देवघरातला दिवा, उघडी वायर काहीही असू नये.

*बॅटरी :* सर्वांत आधी बॅटरीची वायर सोडावी, तीही आधी वजा बाजूची. पाना दोन टोकांना लागला, आणि मध्ये अंगठी किंवा कडे आले, तर ते क्षणात लाल होते आणि बोटाला वेढा घालून भाजते. कामाला बसण्याआधी अंगठी, कडे, घड्याळ, गळ्यातली साखळी आणि खांद्यावरचा गमछा काढून ठेवा. बॅटरीचे पाणी म्हणजे गंधकाम्ल. डोळ्यात गेले तर डोळा उघडा धरून, स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान वीस मिनिटे धुवा, मगच दवाखान्याकडे निघा. दूध, गुलाबपाणी, तूप काही घालू नका.

*छिन्नी-हातोडा :* गंजलेला बोल्ट छिन्नीने तोडताना उडालेला लोखंडाचा कण गोळीच्या वेगाने डोळ्यात शिरतो. कित्येकदा फारसे दुखतही नाही, फक्त अंधुक दिसते. असा डोळा चोळू नका, दाबू नका, धुऊही नका. वरून कागदी पेला उपडा ठेवून चिकटपट्टी लावा आणि नेत्रतज्ज्ञाकडे जा. साध्या संरक्षक चष्म्याला जे पैसे पडतात, ते डोळ्याच्या मानाने काहीच नाहीत.

*गरम रेडिएटर :* रेडिएटरचे पाणी दाबाखाली असते, म्हणून ते उकळत्या पाण्याहूनही गरम असू शकते. झाकण उघडताच ते तोंडावर उसळते. इंजिन पूर्ण निवल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार वाहते पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यांतले काही नको. काढलेल्या हिरव्या-लाल कूलंटचे डबे मुलांपासून दूर ठेवा. ते गोड लागते आणि मूत्रपिंडे निकामी करते.

*डिझेलचा बारीक फवारा :* डिझेल गाडीचा नोझल तपासताना किंवा ग्रीसच्या बंदुकीने बोटाला सुईएवढे छिद्र पडले आणि फारसे दुखले नाही, तरी ती तातडीची शस्त्रक्रियेची बाब आहे. ते तेल बोटाच्या आत दूरवर पसरलेले असते. "काही नाही, टोचलं," म्हणणाऱ्यांपैकी काहींना बोट गमवावे लागते.

*तुटलेले बोट :* साखळीत किंवा पट्ट्यात बोट तुटले तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा. तुटलेला तुकडा ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. तुकडा थेट बर्फात टाकू नका.

*धनुर्वात :* धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जंतू माती, धूळ आणि शेणात असतात. गंजक्या खिळ्याबरोबर ते आत जातात एवढेच. प्रौढांनी दर दहा वर्षांनी एक डोस घ्यावा. आता टीटीऐवजी टीडी ही लस मिळते, तिने घटसर्पापासूनही बचाव होतो. दर खरचटण्याला इंजेक्शन घ्यायची गरज नाही, पण मागचा डोस कधी घेतला ते लिहून ठेवा.

*काळे हात :* पेट्रोलने हात धुणाऱ्यांची कातडी फुटते, खाजते. आधी खोबरेल तेल चोळून पुसा, मग साबण लावा.

मग इंजिन उतरवायचेच नाही का?

असे मी म्हणणार नाही. हाताने काम करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, आणि पैसे वाचवणे हा काही गुन्हा नाही. पण पैसे वाचवताना पाय घालवू नये. तेव्हा पुढील गोष्टी कराव्यात :

१. गाडी गाळ्यातून ढकलून मोकळ्या जागी आणा. इंजिनाच्या चारही बाजूंनी माणूस दोन पावले मागे जाऊ शकेल, एवढी जागा हवी. एवढी जागा नसेल तर ते काम घरी करू नका.

२. चेनपुली छपराच्या अँगलला, पत्र्याच्या पाइपला किंवा झाडाच्या फांदीला टांगू नका. भक्कम तिकटी किंवा भाड्याने मिळणारी इंजिन उचलण्याची घोडी वापरा. चेनपुलीवर लिहिलेले वजन इंजिनाच्या वजनाच्या निदान दुप्पट असावे. दोरी, तार, सायकलची साखळी यांचा भरवसा धरू नका.

३. टांगलेल्या ओझ्याखाली हात-पाय जाता कामा नये. ओझे आणि भिंत यांच्यामध्ये कोणीही उभे राहू नये. इंजिनाला दिशा द्यायची असेल तर त्याला दोर बांधून लांबून द्यावी. इंजिन सुटू लागले तर धरायला जाऊ नका. लोखंड पुन्हा मिळते.

४. चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका.

५. हुकूम एकाचाच चालावा. "ओढ" एक म्हणतो आणि "थांब" दुसरा म्हणतो, त्याच क्षणी अपघात होतो. मुलांना दूर पाठवा.

६. एकट्याने काम करू नका. रात्री, दमल्यावर किंवा प्यायलेल्या अवस्थेत तर मुळीच नको. सांडलेल्या ऑइलवर लगेच वाळू किंवा लाकडाचा भुसा टाका.

७. इंजिन कंबरेत वाकून उचलायला जाऊ नका. कण्यातली चकती एकदा सरकली तर महिनोन् महिने अंथरूण धरावे लागू शकते. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

शेवटी

त्या पद्मिनीचे पुढे काय झाले, असे काही वाचक विचारतील. दिवाळीनंतर काकांनी ब्लॉक बोअर करून आणला. इंजिन परत बसवण्याच्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावले. गाडी गल्लीच्या तोंडाशी मोकळ्यावर उभी होती, भाड्याची घोडी आणलेली होती, ओळखीचा मेकॅनिक होता. पुतण्या खुर्चीवर बसून सूचना देत होता. मी जरा जवळ जाऊन आत डोकावलो, तर तोच मला म्हणाला, "डॉक्टरसाहेब, दोन पावलं मागं सरा."

मी सरलो. त्या दिवसापासून माझ्याही कामात एक नियम झाला आहे. चेंगरल्याचा रुग्ण आला की मी हाड नंतर पाहतो, आधी विचारतो, "किती वेळ अडकला होतास?" घट्ट बँडेज बांधत नाही, आणि घरी पाठवताना नातेवाईकाला बजावून सांगतो की, गोळी घेऊनही वेदना वाढली तर रात्री कितीही वाजता मला उठवा.

त्या रात्री काकांनी मला उठवायचा संकोच केला असता, "डॉक्टरांना कशाला त्रास, सकाळी पाहू," असे म्हटले असते, तर हा लेख मला वेगळ्या प्रकारे लिहावा लागला असता. तेव्हा वाचकहो, डॉक्टरने "काही नाही" म्हटले तरी पाय दुखतच राहिला, तर पायाचे ऐका.